न तपासलेला शब्द

"शब्द सांगा, काकी."

काही नाही.

"काकी, शब्द. तुमच्याकडं अलार्म वाजलाय. शब्द सांगितलात की मी इथनं बंद करतो."

काही नाही. मागं पंखा कुरकुरतो. मग बाईचा आवाज, अगदी निवांत: "ह्या माझाच घर. मीच आसय हंय."

"ते ठीक आहे हो, पण शब्द सांगा. नाहीतर माणसं पाठवावी लागतात आम्हाला."

पुन्हा तेच, काही नाही. आणि मग: "पाठव. चाय टाकतंय त्यांका."

श्रेयानं रेकॉर्डिंग थांबवलं. शेजारच्या खुर्चीत धनेश हसत होता. तो हसणारच, कारण त्या दुपारी गस्तीची दोन माणसं खरोखरच चहा पिऊन, वर खोबऱ्याची वडी खाऊन आली होती. पण श्रेया हसली नाही. तिच्या बोटाखाली ती थांबवलेली शांतता होती, आणि ती तिला कुठंतरी टोचली होती, नव्या चपलेचा आतला खिळा टोचतो तशी. म्हणजे चालता येतंच, पण पाय विसरत नाही. तिनं पुन्हा लावलं. शब्द सांगा, काकी. काही नाही. लालबागच्या या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत बसून तिनं आजवर किती माणसांच्या शांतता ऐकल्या असतील त्याला गणती नव्हती, आणि विसरलेला माणूस गप्प बसत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. विसरलेला माणूस आवाज करतो. ते हे, काय बरं ते, थांबा हां, आत्ता होतं तोंडावर. जीभ टाळूला लावतो, कुणाला तरी हाक मारतो, स्वतःवर चिडतो. ही बाई काही शोधत नव्हती. ही बाई उभी होती. धनेशला ती म्हणाली, "ही विसरलेली नाहीये." धनेश म्हणाला, "ताई, या आठवड्यात तीनदा झालं. तीनदा विचारलं, तीनदा चहा." "म्हणूनच म्हणते," ती म्हणाली. तिला स्वतःच्या कानाबद्दल शंका नव्हती. तशी तिला फारशा गोष्टींबद्दल शंका नसेच.

धंदा साधा होता. दाराला, खिडकीला, बाल्कनीला सेन्सर, भिंतीवर एक पेटी, पेटीला आवाज. दार अवेळी उघडलं की पेटी इथं लालबागला कळवते, इथला माणूस पेटीतून घरात बोलतो आणि शब्द विचारतो. बरोबर आला तर अलार्म बंद. चुकीचा आला किंवा आलाच नाही तर गस्तीची माणसं निघतात. आणि आणखी एक, दुसरा शब्द. तो गिऱ्हाइकानं तेव्हाच उच्चारायचा जेव्हा कुणी त्याच्या मानेशी उभा असेल. चोराला वाटतं, यानं खरा शब्द सांगितला. इथला माणूस थंडपणे 'बरोबर आहे, धन्यवाद' म्हणतो आणि त्याच क्षणी पोलिसांना कळवतो. हा दुसरा शब्द श्रेयाचा लाडका. लोकांना तो निवडताच येत नाही. गिरगावातल्या एका सराफांनी हौसेनं 'मोरया' निवडला होता. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलताशांनी त्यांच्या दुकानाची काच थरथरली, सेन्सर वाजला, इथून विचारलं शब्द काय, आणि शेठ गुलालात न्हालेले, पेटीत तोंड घालून जीव खाऊन ओरडले: मोरया! पोलीस गर्दीतून वाट काढत आले तेव्हा शेठ नाचत होते. आणखी एका बाईंनी 'देवा' ठेवला होता. दिवसाला दहा वेळा. श्रेया प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, असा शब्द द्या जो एरवी तुमच्या तोंडून येणारच नाही. माणसं मान हलवायची, विचार करायची आणि कुत्र्याचं नाव द्यायची.

(इथं मिरचीचा ठसका. खालच्या मसाल्याच्या गल्लीत मिरची कुटायचे डंख सुरू झाले की खोली खोकते. धूर ओळखणारा छतावरचा सेन्सर श्रेयानं तीनदा बदलला, मग काढूनच टाकला. आगीची राखण करणाऱ्यांच्या खोलीत आगीचा सेन्सर नाही. हे ती गिऱ्हाइकांना सांगत नसे.)

तर परबांचं घर. काळाचौकीत जुनी चाळ पाडून टॉवर उभा राहिला आणि चाळकऱ्यांना त्यात वर कुठंतरी खोल्या मिळाल्या, तिथं रेकॉर्डिंगमधल्या त्या काकी, शेवंती परब, एकट्या राहत. मुलगा अवधूत बंगळुरूला. अलार्म त्यानंच बसवून घेतला, गेल्या गणपतीत आला होता तेव्हा. आणि आता सकाळी त्याचा फोन येऊन गेला होता, सभ्य, थकलेला, घाईचा. "सोसायटीचे लोक मला फोन करतात. आईला एक शब्द लक्षात राहत नाही, उद्या गॅस लक्षात राहणार नाही. कर्जतला एक चांगली जागा आहे, नर्स वगैरे असतात, खोली धरून ठेवलीय त्यांनी. आज संध्याकाळपर्यंत हो म्हणायचंय. आई माझं ऐकत नाही. तुमच्या कंपनीकडून फक्त एक ओळ द्या, की त्यांना शब्द आठवत नाही. म्हणजे मी तिला दाखवू शकेन." श्रेया म्हणाली होती, बघून सांगते. एक ओळ. ती द्यायला तिला काहीच लागलं नसतं, रेकॉर्डिंग होतंच. पण खोटी ओळ ही तिच्या लेखी खोट्या अलार्मसारखीच होती. एकदा वाजली की माणसं धावतात, आणि या खेपेला ती धावत जाऊन बाईला घरातून उचलून आणणार होती.

ती चालतच निघाली. रस्ता ओळखीचा, म्हणजे रस्ता ओळखीचा, वरचं आकाश नव्हे. वर आता क्रेनी होत्या आणि काच होती. याच भागात, आताच्या टॉवरच्या मागच्या अंगाला, तिचं लहानपण गेलं होतं. तिथं दिवसा दार लावलेलं घर म्हणजे घरात भांडण तरी आहे किंवा कुणी फार आजारी तरी आहे. दारं उघडी आणि माणसं एकमेकांच्या घरातून वाटेसारखी जात. त्याच माणसांना आज ती दाराचे सेन्सर विकत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. कशाला वाटावं? दारं तिनं बंद केली नव्हती. दारं आपोआप बंद झाली, लिफ्टबरोबर, एकेक मजल्यानं. तिनं फक्त बंद दारांना आवाज दिला. हे वाक्य तिनं एकदा विनीतला ऐकवलं होतं. विनीत, तिचा नवरा, तेव्हाचा. तो म्हणाला, तुला सगळ्याला उत्तर असतं. तिच्याजवळ त्यालाही उत्तर होतं. विनीत चहा, विनीत किल्ली, विनीत ऐक, विनीत पुरे. हे नाव तिनं इतकं वापरलं की शेवटी ते विजेचं बटण झालं, लागतं तेव्हा दाबायचं, आणि मग एक दिवस दाबलं आणि दिवा लागला नाही. वाईट वाटून घेण्यासारखं त्यात फार नव्हतं. दोघंही नीट वेगळे झाले. पण आता, दत्ताराम लाड मार्गावर, पाव भाजल्याच्या वासात, ते नाव तिच्या डोक्यात विनाकारण आलं आणि ती त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तशी बघत राहिली. नाव का आलं? टोचणारी गोष्ट दुसरीच होती. नाव का आलं.

शेवंतीकाकींचं दार उघडं होतं. टॉवरमधल्या त्या लांबलचक, दवाखान्यासारख्या वाटेवर सगळी दारं बंद आणि हे एकच सताड उघडं, उंबऱ्याशी लाटणं आडवं टाकलेलं, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून. भिंतीवरच्या पेटीवर धुतलेला नॅपकिन घातला होता.

"तो डोळो मिचकावता," काकी म्हणाल्या. "झाकून ठेवलंय. ये गो बाय. तूच ना ती बसवूक इल्लेली? बस. ते दोघे झील नाय इले आज?"

"आज मीच आले. काकी, दुपारी दार उघडं ठेवता?"

"दुपारी न्हय, दिवसभर. तीन वाजले काय ह्यो बोंबलता. मी काय करू?"

श्रेयाला एवढ्यावरूनच कळलं. अलार्म हल्ली अवधूत लावत होता, तिकडून, मोबाइलवरून, आई दुपारी झोपते या लहानपणच्या समजुतीनं. आई झोपत नव्हती. आई वाटेवरचा वारा घेत पाटावर बसून नारळ खवत होती. बंगळुरूत एक बोट हले आणि काळाचौकीत उघडं दार गुन्हेगार ठरे. बरं, ते सोपं होतं, ते ती पाच मिनिटांत काढून टाकणार होती. पण शब्द.

"काकी, आमचा माणूस शब्द विचारतो. तुम्ही सांगत नाही."

"नाय."

"विसरलात?"

काकींनी हातातली खवणी थांबवली. "तुका काय वाटला? मी इसारलंय?"

"मला नाही वाटत. अवधूतला वाटतं. तो म्हणतो तुम्हाला कर्जतला ठेवायचं."

"म्हायत आसा माका. फोटो धाडल्यान. झाडा आसत, बाका आसत. बाकार बसान झाडा बघूची." त्या उठल्या, ओले हात पदराला पुसले, आणि श्रेयाला दंडाला धरून आतल्या खोलीत घेऊन गेल्या. भिंतीवर फोटो होता, जाड चष्म्याचा माणूस, फोटोग्राफरनं सांगितलंय म्हणून हसू आवरलेलं. काकींनी बोट केलं. "ह्यो. ह्यो तुमचो शब्द. मी इसारतलंय?"

आणि श्रेयाला ती दुपार जशीच्या तशी दिसली. अवधूत सोफ्यावर, ती पेटीपाशी, काकी आत चहा गाळताना. शब्द काय ठेवू? अवधूत म्हणाला, बाबांचं नाव ठेवा. लवू. आई जगातलं सगळं विसरेल, पण हे विसरणार नाही. आणि दुसरा? दुसरा राहू दे, आईला एक पुष्कळ झाला. तिनं दोन अक्षरं घातली. काकी कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा तिनं सांगितलं, काकी, साहेबांचं नाव आहे हां शब्द, लक्षात राहील ना? काकींनी मान हलवली. अर्थातच हलवली. लक्षात राहील का एवढंच विचारलं होतं, आणि तपासणीला शब्द अवधूतनंच सांगून टाकला होता. तोंडानं घ्याल का, हे दोघांतल्या कुणीच विचारलं नव्हतं, आणि श्रेया काही मलबार हिलवर वाढलेली नव्हती. तिची स्वतःची आई गॅलरीच्या कठड्यावरून खाली वाकून "अहो!" म्हणायची आणि नाक्यावर उभ्या असलेल्या सगळ्या बायकांच्या सगळ्या नवऱ्यांतून एकच माणूस मान वर करायचा. कधी चूक झाली नाही. शब्द सगळ्यांचा तोच होता, आवाज तिचा होता. याहून पक्की यंत्रणा श्रेयानं अजून बसवली नव्हती. आणि हे तिला ठाऊक असून ठाऊक नव्हतं, सहा इंचांवरच्या भिंतीतली वायर ठाऊक नसावी तसं. तिला हसू आलं. मोठ्यानं, तोंडावर हात न घेता.

"हसतंस काय?"

"काकी, तुम्ही त्या मुलाला सरळ सांगायचं ना, की नवऱ्याचं नाव आहे, घेत नाही म्हणून."

"परक्या झिलाक? पेटीतल्या? घरातली गजाल ती." काकी पुन्हा पाटावर येऊन बसल्या. "लग्नात घेतलंय एकदा, घास भरवताना. सगळी मागे लागलेली. मगे कधी नाय. हडे रेशनच्या लायनीत इचारल्यानी, नवऱ्याचा नाव काय. मी शेजारणीक म्हटलंय, सांग गो तू."

"उखाण्यात घ्या मग. चालेल आम्हाला."

"खुळी गो तू? अलार्म बोंबलता आणि मी उखाणो घालू?" त्या हसल्या, आणि मग हसू थांबलं, पण चेहरा तसाच राहिला. "होते तेवा घेतलंय नाय. आता घेवचा? नाव घेतल्यार ओ देवक माणूस व्हयो."

खोबऱ्याचा कीस पांढरा पांढरा पडत राहिला. श्रेयाला वाटलं, ही बाई श्रीमंत आहे. एक नाव जन्मभर खर्च केलं नाही. माझ्यासारखीनं सगळी नावं सुट्ट्या पैशांसारखी उडवली आणि वर अभिमानानं. नाही, तसं नाही. असलं सोपं नाही ते; तिच्या आईनं कित्येकदा दात ओठ खाऊन 'अहो' म्हटलेलं तिनं ऐकलं होतं, आणि न घेतलेल्या नावाखाली काय काय दडपलेलं असतं हेही. विनीतला ती नावानं हाक मारत होती म्हणून तर शेवटी नावानं निरोपही देता आला. तिला उलटं काही नको होतं. पण तरी त्या मघाच्या शांततेचं वजन आता तिच्या हातात होतं. ती पोकळ नव्हती. तिच्यात एक माणूस चष्मा लावून बसला होता. एवढं ऐकू यायला तिच्यासारख्या कानाच्या बाईलाही फोटोसमोर उभं राहावं लागलं, याची तिला गंमत वाटली. शरम नाही, गंमत.

"नवा शब्द घालू," ती कामाच्या आवाजात म्हणाली. "तुमचा. अवधूतचा नाही. जो तुम्हाला म्हणायला आवडेल."

काकींनी बराच वेळ विचार केला. मग खवणीकडे बघत म्हणाल्या, "मनू."

"कोण मनू?"

"मी. म्हायेराक मनू होतंय मी. हडे लग्नात तांदळात शेवंती लिवल्यानी, झाला. भाव होतो तोपर्यंत म्हणी. तो गेलो. अवधूताक पण ठावक नाय."

श्रेयानं पेटीवरचा नॅपकिन बाजूला केला आणि शब्द बदलला. धनेशला फोन लावला, तपासणी घे म्हणाली. पेटी टिंगटिंगली आणि धनेश भिंतीतून बोलला, "नमस्कार काकी. शब्द सांगा."

काकी उठून उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. आणि ज्या स्वरात अंगणातून आलेल्या हाकेला आतून उत्तर देतात तसं म्हणाल्या, "मनू."

"बरोबर आहे. धन्यवाद."

"परत इचार म्हण त्येका."

"काकी, झालं की. बरोबर आला."

"आसू दे. परत इचारू दे."

धनेशनं परत विचारलं. त्यांनी परत सांगितलं. तिसऱ्यांदा तो न सांगता विचारता झाला, आणि श्रेया खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, रे रोडच्या बाजूला जुन्या गोद्यांचे पत्रे उन्हात चमकत होते तिकडे बघत.

मग तिनं दुसऱ्या शब्दाचं सांगितलं. मागं अवधूतनं टाळला होता तो. चोर आत आला, मानेवर सुरी ठेवली, म्हणाला अलार्म बंद कर. तेव्हा 'मनू' नाही म्हणायचं, हा दुसरा म्हणायचा. त्याला कळणार नाही, आम्हाला कळेल. फक्त तो असा हवा, काकी, की एरवी तो तुमच्या तोंडून निघणारच नाही. नीट विचार करा, लोक इथंच चुकतात.

काकींना विचार करावा लागला नाही.

"मगे तेंचाच ठेव."

"काय?"

"ताच नाव. अवधूतान दिलेला. सुरी मानेर इली तर घेतलंय. त्याच्या आदी नाय." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं, परवानगी मागितल्यासारखं नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं. "आणि ज्या दिवशी माझ्या तोंडातसून ता नाव तुका आयकू येतला, त्या दिवशी समज, खराच कोणतरी घरात इलो."

श्रेयानं पेटीवर दोन अक्षरं पुन्हा घातली, या खेपेला दुसऱ्या जागी. तिचं बोट किंचित थांबलं. इतक्या वर्षांत, सराफ, डॉक्टर, वकील, बँकेचे मॅनेजर, कुणालाही जमलं नव्हतं ते हिनं नारळ खवता खवता दिलं होतं. याहून चांगला दुसरा शब्द या शहरात नव्हता. नियमानं आता याचीही तपासणी घ्यायची. फोन तिच्या हातात होता. काकी तिच्याकडे बघत होत्या, ओठ मिटून, अगदी तशाच उभ्या, त्या रेकॉर्डिंगमध्ये उभ्या होत्या तशा.

श्रेयानं फोन पर्समध्ये टाकला. "चहा टाका," ती म्हणाली.

अवधूतचा फोन ती लिफ्टमधून उतरली तेव्हा आला. "आईला आठवला शब्द?"

"आठवलेलाच होता."

"मग सांगितला का नाही तिनं?"

"तुम्ही लहानपणापासून कधी आईच्या तोंडून बाबांचं नाव ऐकलंय?"

पलीकडे अवधूत म्हणाला, "म्हणजे… अं… ते… थांबा हां…" आणि श्रेयानं ती शांतता लगेच ओळखली. आवाज करणारी. तिनं त्याला शोधू दिलं. बऱ्याच वेळानं तो हळूच म्हणाला, "ऐकलंत का, म्हणायची. नाहीतर माझं नाव घ्यायची आणि बाबा ओ द्यायचे." मग आणखी थोडा वेळ काहीच आलं नाही, आणि ही शांतता तिला ओळखीची नव्हती. "मीच सांगितलं होतं ना तुम्हाला. बाबांचं ठेवा म्हणून."

"मीच घातलं. आपण दोघं होतो. आणि दुपारी अलार्म तुम्ही लावत जाऊ नका. लावायचा तेव्हा त्या लावतील. त्यांचं दार उघडं असतं आणि त्या जाग्या असतात."

"कर्जतवाल्यांना नको म्हणून कळवतो," तो म्हणाला. "नवीन शब्द काय आहे?"

"तो तुम्हाला सांगता येणार नाही."

"अहो, मुलगा आहे मी."

"हो ना," श्रेया म्हणाली. "विचारा कधीतरी. मला नाही, त्यांना. लहानपणी त्यांना काय म्हणायचे म्हणून."

खोलीवर परतली तेव्हा डंख थांबले होते आणि हवेत लाल धूळ अजून तरंगत होती. पडद्यावर घरांच्या ओळी. प्रत्येक घरापुढं दोन ठिपके, पहिला शब्द, दुसरा शब्द; तपासला की हिरवा, तोवर पिवळा. श्रेयाच्या राज्यात पिवळा ठिपका संध्याकाळ पाहत नसे, ही तिची शिस्त आणि तिची ऐट. परबांपुढं एक हिरवा, एक पिवळा.

"ताई," धनेश म्हणाला, "काकींचा दुसरा राहिला. घेऊ तपासणी?"

"नको."

"मग हा पिवळाच?"

"राहू दे पिवळा."

धनेशनं खुर्ची वळवून तिच्याकडे पाहिलं. सगळ्या हिरव्या पडद्यावर तो एक ठिपका लुकलुकत होता आणि श्रेयाला तो खटकत होता, खटकणारच होता, रोज, आणि तिनं त्याच्याकडे पाठ केली नाही.

"आणि आलाच कधी हा शब्द, तर? तपासलेला नाही, खरा का खोटा कसं कळायचं मला? 'बरोबर आहे, धन्यवाद' म्हणायचं ना?"

"म्हण," श्रेया म्हणाली. "आणि धाव."